अनुभव धागा : गळकं घर, विमा कंपनी आणि आपलाच ठेकेदार

संत्र्याची फोड
परवा आर्वीकडे नात्यातलं लग्न होतं. पंगतीत बुंदी वाढायला जो माणूस आला तो आमच्या घराचा ठेकेदार, नात्यानं माझा मामा. "घर कसं आहे बाई?" म्हणाला आणि दोन मुठी जास्तीची वाढली. मी म्हटलं, "बरं आहे मामा." घरी येऊन ती निळी फाइल काढून बसले.

बाबा जि. प. शाळेतून रिटायर झाले. जो पैसा आला त्यात गावातच घर बांधलं. 2022 च्या जुलैत आमच्याकडे अशी झड लागली की चौथ्या रात्री मागच्या खोलीच्या स्लॅबचं प्लास्टर दिवाणावर पडलं. आई पाणी प्यायला उठली होती म्हणून वाचली. घराच्या विम्याची भारत गृह रक्षा पॉलिसी होती, कारण भाचा एजंट. दुसऱ्या दिवशी कंपनीला कळवलं. नुकसान तपासणारे सर्व्हेअर आले एकोणिसाव्या दिवशी, लख्ख ऊन पडल्यावर. त्यांनी भिंतीला हात लावला, ती कोरडी. मग गच्चीवर गेले. तिथे पावसाचं पाणी उतरायच्या पाइपाच्या तोंडाशी आमच्या पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांचा ढीग. त्याचे मात्र सहा फोटो काढले.

पत्र आलं : दीर्घकाळची ओल, बांधकामातील दोष, देखभालीचा अभाव. दावा नामंजूर.

ते घेऊन मी मामाकडे. मामा चिडला. "माझं काम खराब? इतका पाऊस उभ्या जन्मात पाह्यला का कोणी? आभाळ फाटलं त्याले मी काय करू?" मी म्हटलं, हेच लिहून द्या. आणि त्यानं दिलं! लेटरहेडवर, सहीशिक्क्यानिशी : नुकसान केवळ अतिवृष्टीमुळे झाले. सोबत तहसीलमधून आमच्या महसूल मंडळाची त्या आठवड्यातली पावसाची नोंद काढली, दोन दिवस 65 मिमीच्या वर, म्हणजे सरकारी हिशेबानंही अतिवृष्टी. आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लिहिलं, महिनाभर उत्तर नाही, मग विमा लोकपाल, म्हणजे कंपनीविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी. आमची केस पुण्याला होती. फी एक रुपया नाही. सुनावणी ऑनलाइन झाली, बाबा इस्त्रीचा सदरा घालून मोबाइलसमोर बसले होते. 1 लाख 40 हजार मागितले, 61 हजार मिळाले.

पण ज्या कागदानं कंपनीला हरवलं, त्याच कागदानं मामा सुटला. आता त्याला काय म्हणू? तूच लिहून घेतलंस ना बाई. कोपरा अजून गळतो.

तुमचं काय झालं, लिहा.

वऱ्हाडी ठेचा
बुंदी खाल्ली न् ताई? मंग झालं सेटलमेंट.

पांढरं सोनं
आमचा तं कापूस होता घरात. 2023 ची गोष्ट, यवतमाळ जिल्हा. आधल्या साली भाव दहा हजाराच्या वर गेलता म्हून सारा बैठकीत छतापर्यंत भरून ठेवला. सारं घर खाजवत होतं, पोरगी माहेरी यायले तयार नाही. जुलैच्या 22 तारखेचं पाणी आठवते न् सगळ्याईले? रातच्यानं घरात कमरेइतकं. खालचा कापूस काळा पडला, वरच्याले वाफ धरली.

विमा होता घराचा, सामानासकट. कंपनीचा माणूस म्हणते, टीव्ही फ्रिज कपाट हे घरसामान, कापूस म्हणजे व्यापाराचा माल, तो यात बसत नाही. मी म्हटलं साहेब, व्यापार जमला असता तं तो घरात काहून राह्यला असता?

तो हसला. लेहलं काहीच नाही.

संत्र्याची फोड
अरे देवा. फ्रिजचे तरी दिले का?

पांढरं सोनं
फ्रिजचे देल्ले, घसारा कापून. त्या पैशात नवीन फ्रिजचं दार आलं असतं.

वैनगंगेकाठी
भंडारा. ऑगस्ट 2020 चा शेवट. वैनगंगेचं पाणी दोन दिवस घरात उभं होतं, उतरलं तेव्हा विटेविटेत गाळ. मी निवांत होतो, कारण गृहकर्ज देताना बँकेनं विम्याचे पैसे कापले होते, स्टेटमेंटमध्ये स्पष्ट दिसत होतं. पॉलिसीची कॉपी कधी मागितली नाही, त्यांनीही दिली नाही. पूर ओसरल्यावर मागितली. तो विमा घराचा नव्हताच! कर्जदाराचा मृत्यू झाल्यास कर्ज फिटेल, असा माझ्या जिवाचा होता. म्हणजे मी बुडालो असतो तर घर मोकळं झालं असतं. बायको आजही भांडणात म्हणते, "संधी गेली."

ज्यांचं कर्ज चालू आहे त्यांनी उद्याच्या उद्या बँकेत जाऊन कॉपी मागा. घराचा आहे की जिवाचा, तेवढं वाचा.

तुऱ्हाटी
बायकोचा डायलॉग जबरदस्त. बाकी नंतर वाचते, कुकर लावलाय.

गवंड्याचा पोरगा
सगळे ठेकेदाराले शिव्या देऊन राह्यले म्हून लेहतो. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आटते, हात जाईल अशा भेगा पडते. मुरूम लागेपर्यंत पाया खोदा म्हणतो आमचा बाप. मालक म्हणते, एवढं कायले, चार फुटात कर. पैसे वाचले. मंग भिंत चिरते, चिरीतून पाणी मुरते, न् गवंडी चोर. स्लॅबले उतार ठेवतो म्हटलं तं म्हणते, सपाट ठेव, मिरच्या वाळवाच्या हायेत.

संत्र्याची फोड
मिरच्यांचं आमच्याही घरी झालं होतं. खोटं बोलणार नाही.

दुसरा मजला
आमचं तालुक्याच्या गावी, फ्लॅट. वरच्यांच्या बाथरूमचं पाणी आमच्या स्वयंपाकघरात. बिल्डर म्हणे वरच्यांनी टाइल्स बदलल्या, वरचे म्हणे पाइपच निकृष्ट, विमा कंपनी म्हणे हळूहळू झिरपणं आम्ही देत नाही, पाइप अचानक फुटला तर सांगा. मग काय, हातोडी घेऊन फोडू?

रेरात, म्हणजे बिल्डरांवरच्या कायद्याच्या प्राधिकरणाकडे जाऊ म्हटलं. ताब्यापासून 5 वर्षांत बांधकामातला दोष दाखवला तर बिल्डरनं 30 दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा, कलम 14 आहे. वकिलानं विचारलं, बिल्डिंगमध्ये फ्लॅट किती? म्हटलं 8. तो म्हणाला, मग प्रोजेक्टला नोंदणीच लागत नाही, 8 च्या वर लागते. तेव्हा कळलं शेजारच्या प्लॉटवर त्याच बिल्डरची तशीच दुसरी इमारत 8 चीच का आहे ते.

जिल्हा ग्राहक आयोगात केस टाकलीय. दोन वर्षं झाली, तारखा सुरू. भिंतीवरच्या डागाचा आकार आता मध्य प्रदेशासारखा झालाय.

वऱ्हाडी ठेचा
मध्य प्रदेश झाला म्हंजे पुढच्या पावसाळ्यात छत्तीसगड वेगळा होईन.

फाटकी छत्री
एक बाजू माझीही ऐका. माझे मिस्टर सर्व्हेअर आहेत. एका झडीत साठ-सत्तर फाइली एकदम येतात, एक मेळघाटात, दुसरी पुसदकडे. मोटरसायकलवर जातात, रस्ता वाहून गेलेला असतो, आणि पोचल्यावर लोक म्हणतात आता आलात? तेही बरोबरच आहे. पण लोकही काय करतात, ओली गादी फेकून देतात, भिंत रंगवून घेतात आणि मग बोलावतात. त्यांनी पाहायचं काय? त्याच दिवशी व्हिडिओ काढा, कंपनीला ईमेल करा म्हणजे तारीख राहते. पन्नी, ताडपत्री आणली तर बिल ठेवा. आणि सर्व्हे रिपोर्टची कॉपी लेखी मागा, मागता येते. बहुतेक लोक मागतच नाहीत. कंपनी दाद देत नसेल तर विमा नियामकाचा 155255 हा नंबर आहे.

चहा मात्र सगळीकडे पाजतात हो. एका दिवसात चौदा कप, मग रात्रभर ॲसिडिटी.

पांढरं सोनं
वहिनी, आमच्या इकडं आलेल्या साहेबानं पोहे खाल्ले, दोन प्लेटा. तुमचेच नसतीन न्?

फाटकी छत्री
ते पोहे खात नाहीत. सुटलात.

निळा शाईपेन
माझं आजोळ नागपूर जिल्ह्यातल्या मोवाडचं. 30 जुलै 1991, वर्धा नदीचा पूर. दोनशेच्या वर माणसं गेली. मामांचं घर मातीचं, कवेलूचं, सकाळी तिथे नुसता पाट्याचा दगड उरला होता. विमा हा शब्द तेव्हा एलआयसीच्या पलीकडे कुणाला माहीत नव्हता. पुढे गाव नवीन जागी वसवलं. मामी नव्या घरातही महत्त्वाची कागदं मांडवाच्या बल्लीला टांगलेल्या पिशवीत ठेवायची. एवढंच आठवलं, विषयाला धरून नाही, माफ करा.

संत्र्याची फोड
दादा, लिहा हो. धागा त्यासाठीच आहे.

घरकुल नं. 3
आमाले ना बिल्डर ना कंपनी. घरकुल, 1 लाख 20 हजारात, पोरांनी अन् मी हातानं बांधलं. पावसानं मागची भिंत बसली. तलाठी आले, अंशतः पडझड लेहलं. पक्क्या घराले सरकारी मदत 6,500. भिंतीले लागले 31 हजार. पूर्ण पडलं असतं तं 1 लाख 20 हजार भेटले असते म्हणे. शेजारी म्हणते, रात्री आणखी दोन लाथा माराच्या होत्या. पण आपल्याच हातची भिंत, लाथ उचलत नाही न् बाप्पा.

तुऱ्हाटी
कुकर झाला. सगळं वाचलं. शेवटचं वाचून जेवण जात नाहीये.
बरं, कोपऱ्यातल्या ओलीचा वास कपाटाला लागलाय, काय ठेवू? डांबरगोळ्यांनी मला शिंका येतात.

निळा शाईपेन
कडुनिंबाचा वाळका पाला, पातळ फडक्यात बांधून.

नवीन पाहुणा
धागा शोधत आलो. आत्ता, याच क्षणी बैठकीत गळतंय. खाली दोन बादल्या, एक गंज (पातेलं). विमा आहे. काय करू पटकन सांगा.

संत्र्याची फोड
आधी त्या खोलीची लाइट मेन स्विचवरून बंद करा. मग व्हिडिओ, छतापासून बादलीपर्यंत एकसलग. आजच्या आज ईमेल. भिजलेलं काही फेकू नका. आणि हो, गच्चीवर पऱ्हाट्या आहेत का?

नवीन पाहुणा
आहेत. तुरीच्या काड्या, तुऱ्हाट्या पण.

संत्र्याची फोड
पाइपाचं तोंड मोकळं करा आधी. सर्व्हेअर यायच्या आत.

फाटकी छत्री
मी वाचतेय हं.