मदत हवी आहे: लाकडी बार्नच्या मॉडेलवर (१:८७) उडालेला, विटलेला रंग कसा दाखवायचा?

आडगल्ली
नमस्कार मंडळी. पेनसिल्व्हेनियात राहते. आमच्या तळघरात एचओ मापाचा (म्हणजे खऱ्याच्या १:८७) रेल्वे लेआउट, म्हणजे छोट्या रेल्वेचा देखावा आहे. रूळ आणि सिग्नल हे नवऱ्याचं खातं, डोंगर-झाडं-घरं माझ्याकडे. सध्या बासवुडच्या (हलक्या, मऊ लाकडाच्या) किटमधून इकडच्या पद्धतीचा बँक बार्न करायला घेतलाय.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: हा बार्न उताराला टेकून बांधतात. चढाच्या बाजूने गाडी थेट वरच्या मजल्यावर जाते. तिथे मळणीची जागा आणि गवत, खाली दगडी भिंतींचा गोठा. गोठ्याच्या दारांवर वरचा मजला पाच-सहा फूट पुढे आलेला असतो, त्याला फोरबे म्हणतात. हे तोंड बहुधा दक्षिणेला असतं, म्हणजे हिवाळ्यात जनावरांना अंगणात ऊन मिळतं.

मला हवाय तो वर्षानुवर्षं रंगाचा हात न फिरलेला बार्न. अजून शेतकऱ्याच्या वापरात आहे, पडका नाही, पण लाल रंग ठिकठिकाणी गेलाय आणि आतलं लाकूड दिसतंय, असा. किटमधल्या जास्तीच्या फळीवर ऍक्रिलिक लाल लावून वरून तपकिरी वॉश (पाण्यासारखा पातळ रंग) दिला. फळी मधून उचलली गेली, आणि दिसतं असं की नवाकोरा बार्न चिखलात लोळून आलाय.

तर प्रश्न असे. भिंती जोडून मग रंगवायच्या, की आधी? वाकणं कसं टाळायचं? पोपडे उडालेले दाखवायला व्हिडिओंत कोणी हेअरस्प्रे म्हणतं, कोणी रबर सिमेंट (रबरी डिंक), कोणी मिनरल स्पिरिट (रंग पातळ करायचं टर्पेंटाइनसारखं द्रावण). लाकडावर यातलं खरं काय चालतं? आणि छपराचा पत्रा गंजलेला करायचाय, पण नारिंगी रंग थापल्यासारखा नकोय.

सुतारपक्षी
ताई, वाकण्याचं आधी सांगतो. लाकूड लांबीत जवळजवळ फुगत नाही, रेषांच्या आडव्या दिशेने फुगतं. दीड मिलिमीटरच्या फळीला एकाच बाजूने पाणी पाजलंत तर ती वाकणारच, त्यात किटचा दोष नाही. म्हणून पाण्यातला कुठलाही रंग लावण्याआधी दोन्ही बाजूंना स्टेन (लाकडात मुरणारा पातळ रंग) द्या, आणि तो अल्कोहोलमधला.

साधी कृती: अर्धा लिटरच्या आसपास आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये एक-दोन चमचे काळी इंडिया इंक. अल्कोहोल ९१ टक्क्यांचं मिळालं तर ७० पेक्षा बरं, पाणी कमी. (खिडकी उघडी ठेवा, आणि जवळ ज्योत नको.) दोन्ही अंगांना लावून टिपकागदात ठेवा, वर जाड पुस्तकांचं वजन. सुकलं की आतल्या बाजूने रेषांना आडव्या पट्ट्या चिकटवा. मग वरून ऍक्रिलिक लावलं तरी भिंत जागची हलत नाही.

स्टेन जोडणीच्या आधीच. डिंक सांडलेल्या जागी लाकूड स्टेन पीत नाही, कोपऱ्याकोपऱ्यात पांढुरके डाग राहतात आणि ते नंतर काही केल्या जात नाहीत.

व्हिनेगरमध्ये स्टील वूल भिजवायची युक्तीही कोणीतरी सुचवेलच. तो लोखंडाचा अंश लाकडातल्या टॅनिनशी (चहातही असतं ते तुरट द्रव्य) भिडून काळपट होतो. ओकवर झकास. बासवुडमध्ये टॅनिन नावालाच, आधी कडक काळा चहा फासावा लागतो. म्हणजे परत पाणी आलं. शाईच बरी.

खडूफळा
सुतारपक्षींशी सहमत. मला त्या तपकिरी वॉशबद्दल बोलायचंय, कारण ‘चिखल’ तिथूनच आलाय.

उन्हापावसातलं उघडं लाकूड तपकिरी राहत नाही, राखाडी होतं. उन्हातल्या अतिनील किरणांनी पृष्ठभागावरचं लिग्निन (लाकडाचे तंतू बांधून ठेवणारं द्रव्य) मोडतं, पाऊस ते धुऊन नेतो, मागे सेल्युलोजचे फिके तंतू उरतात. त्यात बुरशीचे बारीक काळे ठिपके मिसळले की तो चंदेरी-राखाडी रंग येतो. शाईच्या स्टेनमधून नेमका तोच मिळतो. तपकिरी छटा फक्त पावसापासून आडोशाला असलेल्या भागात. तुमच्या बार्नमध्ये ती जागा आयती आहे: फोरबेच्या खाली.

तारेच्या ब्रशने फळ्या खरवडायचा मोह आवरा. उघडं मऊ लाकूड झिजतं ते शतकात साधारण सहा मिलिमीटर. भागा ८७ ने. ०.०७ मिमी! लाकडाची स्वतःची रेषा या मापाला आधीच जाड दिसते.

आता लाल. खऱ्या बार्नांचा जुना लाल म्हणजे जवसाच्या तेलात कालवलेलं आयर्न ऑक्साइड, आपला गेरूच की! हे रंगद्रव्य उन्हाने सहसा विटत नाही. तेल मात्र सुटतं आणि पृष्ठभाग भुकटीसारखा पांढुरका होतो. त्यामुळे बाटलीतला लाल काळ्याने मळवू नका. त्यात चिमूटभर पांढरा आणि थोडा राखाडी घाला.

पोपड्यांसाठी माझं मत मिनरल स्पिरिटला. स्टेन पक्का सुकल्यावर ते ब्रशने भिंतीवर लावा, ओली चमक जाईपर्यंत थांबा. लाकूड आतून ओलसर हवं, वर थारोळं नको. लगेच ऍक्रिलिक, पाणी न घालता, पातळ थरात. हाताला लागेनासा झाला की मास्किंग टेप दाबून ओढा, फळ्यांच्या दिशेने, वरून खाली. जिथे स्पिरिट तिथे रंग धरत नाही, पोपडा टेपबरोबर येतो. भारतात वाचणाऱ्यांनी हार्डवेअरच्या दुकानात एमटीओ (मिनरल टर्पेंटाइन ऑइल) मागावं.

कुठे ओढायचं यावर सगळं अवलंबून आहे. वळचणीखालच्या पट्टीत रंग टिकतो, तिथे टेप लावूच नका. फळ्यांची खालची टोकं शिंतोड्यांनी जातात. दक्षिणेची भिंत सगळ्यात उजाड. उत्तरेला लाल जास्त ठेवा, पण तिथल्या दगडी पायावर हिरवट शेवाळ येऊ द्या.

गल्लीबोळ
हेअरस्प्रेची बाजू कोणी घेत नाही म्हणून मी घेतो. छोट्या दारांवर, चौकटींवर टेप नीट बसत नाही. तिथे हेअरस्प्रे, वर ऍक्रिलिक, मग ओल्या ब्रशने टोकरणं. हवा तेवढाच कण उडवता येतो. अट एकच, खालचं लाकूड आधी फ्लॅट (बिनचमकीच्या) व्हार्निशने बंद केलेलं हवं, नाहीतर पाणी आत जातं.

आणि एक चोखंदळपणा: लेआउट नेमका कुठला दाखवताय? दर्शनी भिंतीवर रंगीत चांदण्या काढलेले बार्न बर्क्स आणि लीहाय काउंटीचे. तिथल्या लुथरन आणि रिफॉर्म्ड (प्रोटेस्टंट पंथांच्या) शेतकऱ्यांची ती रीत. आमिश लोक (साधेपणाने राहणारा ख्रिस्ती पंथ) त्या काढत नाहीत. लँकेस्टरकडचं आमिश शेत करणार असाल तर चांदणी नको, आणि बार्न पांढरा केलात तरी शोभेल.

आडगल्ली
किती नेमकं सांगितलंत सगळ्यांनी! बर्क्सच ठरलंय, तेव्हा चांदणी येणार, अर्धवट पुसट झालेली.

दोन्ही बाजूंना शाईचा स्टेन देऊन पाहिला, फळी सपाट राहिली. टेपची युक्तीही जमली. भिंतीचा कडेचा भाग तर खरोखरच इथल्या रस्त्यालगतच्या बार्नसारखा आलाय. आता दोन शंका. फ्लॅट व्हार्निश कोणत्या टप्प्यावर? आणि छपराचं कोणी सांगितलंच नाही.

सुतारपक्षी
अल्कोहोलचं सगळं काम संपल्यावरच. त्या व्हार्निशवर शाई-अल्कोहोल लावलं की पांढरी साय धरते. कुठे आलीच तर वरून व्हार्निशचा आणखी एक हलका थर द्या, बहुतेक वेळा जाते. दमट दिवशी फवारू नका, नुसत्या हवेनेही तसंच होतं. आम्ही पुण्यात जून ते सप्टेंबर तो डबा उघडतच नाही.

खडूफळा
छप्पर: किटमधला पन्हळी पत्रा अखंड बसवू नका. दोन फूट रुंद, आठ फूट लांब पत्रे म्हणजे तुमच्या मापात ७ बाय २८ मिमी. तसे तुकडे कापा आणि वळचणीपासून आढ्याकडे बसवत जा, वरचा पत्रा खालच्यावर चढला पाहिजे. रंग मळकट फिका राखाडी, पण प्रत्येक तुकड्याला किंचित वेगळा. एखादा अलीकडे बदललेला, चकचकीत.

गंज पत्र्याच्या मध्यातून सुरू होत नाही. कापलेली कड, सांधे, खिळ्यांची भोकं, जिथे जस्ताचा थर गेलाय तिथून. त्या जागी स्पंजच्या कपच्याने गडद तपकिरी टिपून घ्या. मग भारतातून कोणी येणार असेल तर गेरू मागवा, फडक्यातून गाळा, आणि कोरड्या ब्रशने उताराच्या दिशेने खाली ओढा. नसेल तर खडूरंगाची कांडी ब्लेडने खरवडून तीच भुकटी होते. व्हार्निशखाली भुकटी बरीच फिकी पडते, तेव्हा आधी थोडी जास्तच लावा. आढ्यावर वीजरोधकाच्या दोन-तीन बारीक सळ्या विसरू नका, तिकडच्या बार्नवर त्या असतातच.