गावठी अंड्याला दुप्पट पैसे कशाचे मोजायचे?

पेठेतला गडी : कोल्हापुरात लक्ष्मीपुरीच्या बाजारात गावठी अंडं पोल्ट्रीच्या दुप्पट दरानं जातंय आणि आमच्या तालमीतली पोरं ‘ताकद जास्त’ म्हणून तेच घेतायत. मला हे पटत नाही. पोल्ट्रीचं अंडं ५०-५५ ग्रॅमचं, त्यात प्रोटीन साधारण ६ ग्रॅम. गावठी ३५-४० ग्रॅम भरतं, म्हणजे प्रोटीन पाचाच्या आतच. व्यायाम करणाऱ्यानं जादा पैसे देऊन कमी प्रोटीन का खायचं? चवीसाठी घ्या, माझी ना नाही.

पन्हाळा पायथा : दादा, तुम्ही अंडं नुसतं तराजूत घातलंय. आमच्या परड्यातल्या कोंबड्या दिवसभर मोकळ्या. गवत, किडे, सांडलेलं भात, नाचणी, जे दिसेल ते टिपतात. गवतातलं रंगद्रव्य बलकात उतरतं म्हणून तो केशरी. उन्हात हिंडणाऱ्या कोंबडीच्या अंड्यात ड जीवनसत्त्व जास्त असतं, हिरवं भरपूर खाल्लं तर ओमेगा-३ पण. शिवाय अंडं लहान असलं तरी त्याच्या मानानं बलक मोठा. आणि दराचं म्हणाल तर आमची कोंबडी वर्षाला ६०-७० अंडी देणार, मधेच अंडी बंद करून खुडूक बसणार, एखादी मुंगूस नेणार. स्वस्त कुठनं द्यायचं?

लेअरचा शेड, हातकणंगले : ताई, बलकाच्या रंगावर जाऊ नका. झेंडूच्या पाकळ्यांचा अर्क खाद्यात घातला की पिंजऱ्यातल्या कोंबडीचा बलकही केशरी होतो. कवचाचंही तेच, तपकिरी रंग हा जातीचा गुण. आमची कोंबडी वर्षाला ३०० च्या वर अंडी देते, कारण मका, सोयापेंड, कॅल्शियम सगळं मापात असतं आणि मानमोडी रोगाची लस वेळेवर असते. परड्यात मानमोडी शिरली की खुराडं रिकामं होतं, हे तुम्हालाही ठाऊक असणार.

पन्हाळा पायथा : लस आम्हीपण टोचतो. तुमच्या पिंजऱ्यात एका कोंबडीला ए-फोर कागदाएवढीसुद्धा जागा नसते, ते नाही सांगितलंत. आणि २०१९ साली सरकारनं पोल्ट्रीत वापरल्या जाणाऱ्या कोलिस्टीन या अँटिबायोटिकवर बंदी घातली, ती काय आमच्या परड्यातल्या चार कोंबड्यांमुळं?

लेअरचा शेड, हातकणंगले : बंदी योग्यच होती. पण सगळ्यांना एकाच डालग्याखाली झाकू नका. जागेचं मान्य, त्यावर माझ्याकडं उत्तर नाही. त्या दरात मोकळ्या कोंबडीचं अंडं देता येत नाही एवढंच.

राजारामपुरीची वहिनी : तुमचं दोघांचं चालू द्या, आम्ही फ्लॅटवाल्यांनी खरं गावठी ओळखायचं कसं? तपकिरी पोल्ट्रीचं अंडं बिनदिक्कत गावठी म्हणून विकतात. दुसरं म्हणजे घरी चार-पाच कोंबड्या असणारी बाई अंडी साठवून मग बाजाराला येते. त्यामुळं गावठी म्हणजे ताजं असंही नाही. पाण्यात टाकून बघायचं. आडवं तळाला बसलं तर ताजं, तरंगलं तर जुनं. गावठी आहे का, हे मात्र त्यातनं कळत नाही. मी ओळखीच्या मावशींकडूनच घेते, तेही रविवारच्या अंड्याच्या रश्श्यापुरती. चव खरंच वेगळी लागते. एरवी पोरांच्या डब्याला पोल्ट्रीचीच.

पेठेतला गडी : वहिनी, हेच म्हणतोय मी. रश्श्याला गावठी, तालमीला पोल्ट्रीची.

पन्हाळा पायथा : तालमीतली पोरं कच्ची फोडून पितात ना? मग प्रोटीनचा हिशोब कशाला करताय! कच्च्या अंड्यातलं प्रोटीन शिजवलेल्यापेक्षा बरंच कमी अंगी लागतं.

लेअरचा शेड, हातकणंगले : इथं मी ताईंच्या बाजूनं. पोट बिघडवणारा साल्मोनेला जंतू परड्यातल्या अंड्यातही असू शकतो आणि शेडमधल्याही. उकडूनच खावं.

पेठेतला गडी : ते आमच्या वस्तादांना तुम्ही दोघं येऊन सांगा. मी नाही सांगणार.