'फाइव्ह व्हॉइस' म्हणजे 'पाच स्वरांचा'?

प्रश्न : अ‍ॅनालॉग सिंथेसायझरवर (विजेच्या सर्किटमधून सूर काढणाऱ्या वाद्यावर) मराठीत लिहायचंय. 'पॉलिफोनिक'ला 'बहुस्वरी' आणि 'फाइव्ह व्हॉइस'ला 'पाच स्वरांचा' चालेल का?

– 'बहुस्वरी' ठीक. 'पाच स्वरांचा' नको, लोकांना पाच स्वरांचा भूप राग आठवेल. १९७८ च्या प्रॉफेट-५ या सिंथेसायझरवर स्वर सगळेच आहेत. पाच आहेत ते व्हॉइस. एक व्हॉइस म्हणजे दोन ऑसिलेटर (मूळ सूर काढणारे), फिल्टर (आवाज दबका किंवा उघडा करणारा), अ‍ॅम्प्लिफायर आणि त्यांचे एन्व्हलप (आवाज कसा चढेल, कसा विरेल ते ठरवणारे) असा अख्खा संच. असे पाच संच, म्हणून एका वेळी पाच सूर.

– मग आपली पेटीही बहुस्वरीच की!

– आहेच, पण भाता एक. तीन पट्ट्या धरून भात्यावर जोर दिला की तिन्ही सूर एकदम फुगतात. सिंथमध्ये अशा मांडणीला 'पॅराफोनिक' म्हणतात. मी तरी 'एका भात्याचा' म्हणेन. कॉर्ग पॉली-८०० (१९८३) या सिंथमध्ये आठ सूर वाजतात, फिल्टर मात्र सगळ्यांत मिळून एक. ओळखायचं असं : फिल्टर एन्व्हलपचा अटॅक (उघडायला लागणारा वेळ) दोनेक सेकंद ठेवा, कॉर्ड (एकत्र दाबलेले काही सूर) धरा, ती पूर्ण उघडू द्या, मग आणखी एक पट्टी दाबा. फक्त नवा सूर दबका सुरू होऊन उघडला तर प्रत्येकाला स्वतःचा फिल्टर आहे. सगळी कॉर्ड पुन्हा दबली, किंवा नवा सूर थेट उघडाच आला, तर फिल्टर सामाईक.

– व्हॉइसला 'कंठ'?

– 'पंचकंठी' म्हटलं की दागिना, दहा झाले की रावण! कल्पना मात्र अचूक आहे. अ‍ॅनालॉगची गोडी त्यातच : पाच गळे एकसारखे नसतात. ४४० हर्ट्झच्या सुरात ५ सेंटचा (सेंट म्हणजे लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग) फरक पडला की दुसरा ४४१.२७ वर जातो, आणि दोन्ही मिळून आवाज सेकंदाला साधारण सव्वा वेळा कमी-जास्त होत हलतो. डिजिटलमध्येही हे करता येतं, पण मुद्दाम घालावं लागतं. गंमत म्हणजे २०२० च्या नव्या प्रॉफेट-५ मध्ये, तो अ‍ॅनालॉग असूनही, त्यासाठी 'व्हिंटेज' नॉब दिलाय : ४ वर सर्वांत स्थिर, १ वर सर्वांत सैल.

– आणि 'व्हॉइस स्टीलिंग'?

– 'सूर तुटणे' पुरे. रिलीज (पट्टी सोडल्यावर सूर विरायला लागणारा वेळ) चार सेकंद ठेवून तीन सुरांची कॉर्ड सोडली आणि लगेच दुसरी तीन सुरांची धरली, तर सहा व्हॉइस लागतात. आहेत पाच. पहिलीची एक शेपूट मध्येच कापली जाते. हा बिघाड नव्हे. रिलीज कमी करा, नाहीतर एक सूर गाळा.

– बरं. मग 'पाच व्हॉइसचा' असंच लिहितो.