सर्वकालीन थोर मालिका: माझं मत 'द वायर'ला, खोडून काढा

रात्रपाळी (धागाकर्ता)

'सगळ्यात थोर मालिका कोणती' असं विचारलं की जो तो आपली लाडकी सांगतो आणि गाडी तिथेच अडते. म्हणून आधी कसोटी ठरवू. माझी कसोटी एकच: ही गोष्ट चित्रपटात मावली असती का, किंवा पुस्तकात भागलं असतं का? दोन्हीला उत्तर 'नाही' आलं, तरच ती मालिका म्हणून थोर. रडवलं, हसवलं, झोप उडवली, हे सगळं चित्रपटालाही जमतं.

(पुढे भरपूर रसभंग आहे. बघायच्या राहिल्या असतील त्यांनी इथूनच वळावं.)

या कसोटीवर माझं मत 'द वायर'ला. २००२ ते २००८, पाच सीझन, ६० भाग, आणि नायक म्हणाल तर अमेरिकेतलं बाल्टिमोर शहर. डेव्हिड सायमन त्याच शहरात वार्ताहर होता, त्याचा जोडीदार एड बर्न्स आधी पोलिसात आणि मग शाळेत मास्तर. दर सीझनला मालिका शहराचं एक नवं दार उघडते: पहिल्यात पोलीस आणि गर्द विकणारे, मग गोदी, मग राजकारण, मग शाळा, शेवटी वर्तमानपत्र.

एकच उदाहरण देतो. पहिल्या सीझनच्या तिसऱ्या भागात गर्द विकणारा डीअँजेलो हाताखालच्या दोन पोरांना बुद्धिबळ शिकवतो. त्यातल्या बोडीला प्याद्यांचंच कुतूहल. पलीकडच्या टोकाला पोचलं तर काय होतं? डीअँजेलो सांगतो, प्यादी लवकर मरतात. विषय संपतो. चौथ्या सीझनच्या शेवटच्या भागात हाच बोडी एका पोलिसाजवळ मन मोकळं करताना म्हणतो की आपण त्या पटावरच्या बारक्या सोंगट्यांसारखे. नाव आठवत नाही, 'प्यादी' हा शब्द पोलीसच पुरवतो. थोड्याच वेळाने आपला गर्द विकायचा कोपरा न सोडता तो मारला जातो. पेरलं २००२ ला, उगवलं २००६ ला. मधली चार वर्षं प्रेक्षकही जगलेला असतो. दोन तासांत हे कसं दाखवणार?

शेवटचा_भाग

वायर थोर आहे, वाद नाही. पण न वाचताच ज्याची स्तुती करायची असते अशा ग्रंथासारखी थोर. आणि पाचव्या सीझनमध्ये पोलीस मॅकनल्टी चक्क खोटा सीरियल किलर उभा करतो, तेव्हा तुमचं ते वास्तव कुठे फिरायला गेलं होतं?

माझं मत 'ब्रेकिंग बॅड'. ६२ भाग, २००८ ते २०१३. पहिल्या भागात वॉल्टर व्हाइट पन्नाशीचा होतो आणि गोष्ट संपते तेव्हा बावन्नचा. म्हणजे दोन वर्षांत एक साधा रसायनशास्त्राचा मास्तर अमली पदार्थ बनवता बनवता कुठून कुठे जातो! चित्रपटात असा माणूस बिघडवायचा तर दोन-तीन उड्या माराव्या लागतात, आणि उडी दिसली की प्रेक्षक बाजूला सरकतो. इथे पायरी इतकी लहान असते की आपणही सोबत उतरत जातो. डोळ्यांसमोर जोडीदाराची मैत्रीण जेन मरत असते आणि हा नुसता उभा राहतो. तरी पुढच्या भागात तो पकडला जाऊ नये असंच आपल्याला वाटत असतं. आणि शेवट! सगळं माझ्यासाठीच केलं, हे तो बायकोपुढे कबूल करतो. एक धागा लोंबत राहत नाही. शेवट गोड तर सारं गोड, हे उगीच म्हणत नाहीत.

टिंगलखोर

एक धागा लोंबत नाही, पण एक अख्खा भाग माशी मारण्यात जातो.

शेवटचा_भाग

माशीला हात लावायचा नाही.

तिरका_डोळा

रात्रपाळी, कसोटी झकास आहे, फक्त उत्तर चुकलंय. तुमच्याच कसोटीवर 'द सोप्रानोज' जिंकते. बघा कशी.

माणूस बदलतो ही गोष्ट नाटक सांगतं, चित्रपट सांगतो, कादंबरी सांगते. वॉल्टर व्हाइट कितीही चांगला लिहिलेला असला तरी तो त्याच जुन्या वाटेने जातो. माणूस *बदलत नाही* ही गोष्ट सांगायची तर लांबी लागते. माफिया टोळीचा म्होरक्या टोनी सोप्रानो १९९९ साली मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर मेल्फीच्या समोरच्या खुर्चीत बसतो आणि २००७ पर्यंत बसतच राहतो. रडतो, कबुल्या देतो, आईबद्दल बोलतो, बाहेर जाऊन पुन्हा तेच करतो. ८६ भाग आपण आशेवर काढतो. शेवटी मेल्फीच्याच लक्षात येतं की असल्या माणसांना उपचाराने बरं वाटत नाही, ती फक्त जास्त तरबेज होतात, आणि ती दार लावून घेते. ते दार आपल्याही तोंडावर लागतं. आठ वर्षं आपण काय बघत होतो?

राहिला शेवट. टोनी मान वर करतो आणि पडदा काळा. आवाज नाही, काही नाही. कित्येकांना वाटलं ऐन वेळी केबल गेली! ही गंमत पुस्तकात होत नाही, थिएटरात होत नाही. टीव्हीच्या पेटीवर थाप मारायला लावणारा शेवट फक्त टीव्हीलाच जमतो. (मला स्वतःला तो पहिल्यांदा अजिबात आवडला नव्हता, हेही सांगून टाकतो.)

शेवटचा_भाग

शेवट सुचला नाही म्हणून दिवा मालवायचा, याला थोरपणा म्हणायचं? मग 'गेम ऑफ थ्रोन्स'ने काय घोडं मारलं होतं? आठवा सीझन पुन्हा काढा म्हणून दहा लाखांवर लोकांनी सह्या केल्या. सात सीझन डोक्यावर घेतलेली मालिका सहा भागांत उतरली. शेवटाला किंमत नसती तर हे झालं असतं का?

कुंपणावरची

इतका वेळ वाचत होते, आता राहवत नाही. 'सर्वकालीन' म्हणता आणि चारही मालिका एकाच देशातल्या, १९९९ पासून पुढच्या, आणि चारही रक्ताने माखलेल्या. दिग्दर्शक किश्लोव्स्कीने पोलंडच्या टीव्हीसाठी केलेली 'डेकालॉग' कुणाला आठवली का? फक्त दहा भाग. एकाच वसाहतीतली माणसं. एका भागातला महत्त्वाचा माणूस दुसऱ्या भागात नुसता लिफ्टमध्ये दिसून जातो. 'फॉल्टी टॉवर्स' तर बाराच भागांची, सहा १९७५ ला आणि सहा १९७९ ला. विनोदी मालिका थोर नसतात असा काही नियम आहे का?

आणि 'महाभारत'? १९८८ ते १९९०, ९४ भाग. शेवट काय होणार हे बघणाऱ्या प्रत्येकाला आधीपासून माहीत होतं. तरी लोक आठवडाभर थांबत होते. शेवटावरचा हा सगळा वाद तिथेच मिटतो. रात्रपाळींच्या कसोटीवर मात्र महाभारत सरळ नापास, कारण ते आधी ग्रंथातच होतं! जी कसोटी महाभारताला बाहेर बसवते, ती कसोटी तपासायला हवी की महाभारत?

रात्रपाळी

दंडवत. मुद्दा बसला. पण मग थोर कोण, मालिका की मूळ ग्रंथ?

कुंपणावरची

ग्रंथ थोर आहेच. पण राही मासूम रझांनी निवेदक म्हणून खुद्द काळाला बोलायला लावलं, ती युक्ती मालिकेची. ग्रंथात वैशंपायन सांगतात, जनमेजय ऐकतो. टीव्हीवर फिरतं ब्रह्मांड आणि हरीश भिमाणींचा आवाज. लोक दर आठवड्याला त्या आवाजाची वाट बघत. हे वाट बघणं तुमच्या कसोटीत कुठे बसतं? वायरचे ६० भाग तुम्ही किती दिवसांत संपवलेत, खरं सांगा.

रात्रपाळी

अकरा. म्हणजे वर मी जी 'मधली चार वर्षं' म्हणून मिरवली, ती माझ्या वाट्याला आलीच नाहीत. हाणलंत.

पाचव्या सीझनचा खोटा किलर मलाही पटत नाही, हेही कबूल. पण त्याच सीझनमध्ये गर्दचं व्यसन सोडू बघणारा बबल्स आहे. त्याची बहीण त्याला तळघरात राहू देते, वर घरात मात्र येऊ देत नाही, दाराला कडी. शेवटच्या काही मिनिटांत ते दार उघडं असतं, तो जिना चढून वर येतो आणि जेवायला बसतो. एवढंच. संवाद नाही. त्याच मिनिटांत ड्युकी, चौथ्या सीझनमधलं शाळकरी पोर, बबल्सच्या जुन्या वाटेला लागलेला दिसतो. एक वर आला, एक खाली गेला. महाभारताला जागा देतो, सोप्रानोजलाही थोडी सरकून देतो, पण माझं मत अजून त्या जिन्यावरच आहे.

तिरका_डोळा

थोडी सरकून?

शेवटचा_भाग

जिना मान्य. वायरचा शेवट चांगला आहे असं म्हणायला शेवटी तुम्हालाही शेवटच लागला, हे नोंदवून ठेवतो.

टिंगलखोर

आणि माशी?

शेवटचा_भाग

सांगितलं ना एकदा.