‘सेफ अँड साउंड’मधला आवाज कुठनं आला?

भाची स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. परवा रंकाळ्यावर फिरताना तिनं विचारलं, "मामा, सेफ अँड साउंड म्हणजे सुखरूप, मग त्यात आवाज कुठनं आला?" तिच्या वहीत समानार्थी शब्दांच्या पानंच्या पानं याद्या आहेत, पण हा साउंड त्यात नव्हता.

हा साउंड वेगळाच. आवाजाचा साउंड लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आला. हा मात्र अस्सल जुन्या इंग्रजीतला, अर्थ निरोगी, शाबूत. जर्मनमधला ‘गेझुंट’ त्याचाच भाऊ. एवढं कळलं की साउंड स्लीप म्हणजे गाढ झोप आणि साउंड माइंड म्हणजे शाबूत बुद्धी, हे वेगळं पाठ करावं लागत नाही.

जोडीतला सेफ फ्रेंचमधून आलेला. 1066 साली फ्रान्समधल्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं. दरबारात फ्रेंच आली, रयतेच्या तोंडी इंग्रजीच राहिली. ‘विल अँड टेस्टामेंट’ म्हणजे मृत्युपत्र, त्यातही विल इंग्रजी आणि टेस्टामेंट लॅटिन. सगळ्याच जोड्या अशा दोन भाषांच्या नसतात, पण आपल्याला हा प्रकार नवा नाही. कागदपत्रांत कागद फारसीतून आला, पत्र संस्कृत. बाजारहाट, धनदौलत यांचंही तसंच.

‘किथ अँड किन’मधलं किन म्हणजे नातलग. किथ म्हणजे ओळखीपाळखीची माणसं. गंमत म्हणजे ओळखपाळखमधलं पाळख जसं एकटं कुठं जात नाही, तसं किथही आता एकटं फिरत नाही. फरक एवढाच की किथ पूर्वी स्वतंत्र शब्द होता.

माझं म्हणणं, यादी करायचीच तर शब्द कुठं बसतो तेही लिहावं. हार्टी आणि कॉर्डिअल, दोन्हींच्या मुळाशी काळीजच. पण हार्टी म्हणजे आमच्याकडचं "जेवाय या की!", आणि कॉर्डिअल म्हणजे पत्रिकेतलं "भोजनास अगत्य यावे". एकाच्या जागी दुसरा घातला तर पेपरात मार्क मिळतीलही, पण बोलताना खटकतं.

‘हेल अँड हार्टी’ला भाचीनंच धडधाकट सुचवला. मला तो चपखल वाटला.

‘ऑड्स अँड एंड्स’वर मात्र अडलोय. किडूकमिडूक म्हणावं, तर आजीनं गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात जाऊन मोडलेले सोन्याचे बारीकसारीक डाग आठवतात. इंग्रजी शब्दात नुसत्या उरल्यासुरल्या, फुटकळ वस्तू आहेत, सोनं नाही. सटरफटर चालेल का?