तळ्याचा गाळ काढताना कासवांचाही विचार व्हावा

कोणीतरी विचारलंय, गोव्यात कासव म्हटलं की समुद्री कासवं जिथे अंडी घालतात त्या मोरजी-गालजीबागच्या किनाऱ्यांचीच चर्चा का? अगदी रास्त प्रश्न. आपल्या तळ्यांत, शेतात राहणाऱ्या कासवांकडे फारसं कोणी बघत नाही. त्यांतलं एक मऊ पाठीचं. पाय आत ओढले की पोटाकडच्या झडपा मागच्या पायांवर मिटतात. पाणी आटलं की ते चिखलात गाडून घेऊन पडून राहतं, आणि आपण नेमका उन्हाळ्यातच जेसीबी लावून गाळ उपसतो! कुडचड्याचं नंदा तळं २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आलं, पण गावोगावच्या लहान तळ्यांचं काय? पंचायतीने गाळ काढण्याआधी शेतकऱ्यांना, मासे पकडणाऱ्यांना विचारावं. कासवं कुठे दिसतात हे त्यांनाच ठाऊक असतं.