मदत हवी आहे: लोड आला की स्टोरेज कंट्रोलर रिसेट होतो, दोष नेमका कुठे?

नमस्कार मंडळी. प्रॉडक्शनमधल्या लिनक्स डेटाबेस सर्व्हरवर बॅकअपचा लोड चढला की कर्नल लॉगमध्ये आधी कमांड टाइमआउट दिसतो, मग अबॉर्ट (ती कमांड रद्द), आणि शेवटी ड्रायव्हर अख्खा एसएएस कंट्रोलरच (डिस्क सर्व्हरला जोडणारं हार्डवेअर) रिसेट करतो. तेवढा वेळ त्याच्यावरच्या सगळ्या डिस्क ठप्प. झेडएफएस (इथली फाइल सिस्टीम) चेकसमच्या, म्हणजे डेटा पडताळणीच्या, चुका दाखवत नाही, म्हणजे डेटा अजून शाबूत आहे. पण एखाद्या रिसेटला पूल (झेडएफएसने एकत्र बांधलेल्या डिस्क) अडकून बसेल याची धास्ती वाटते.

केबल बदलून झाली. माझा संशय वेळेच्या गणितावर आहे: लिनक्स डिस्कच्या कमांडला डिफॉल्ट 30 सेकंद देतो, आणि एरर रिकव्हरीला (वाचन फसल्यावर डिस्क स्वतः करते त्या पुन्हा प्रयत्नांना) मर्यादा न घातलेली डिस्क खराब सेक्टर वाचताना त्याहून जास्त वेळ घेऊ शकते. पण स्मार्ट रिपोर्टमध्ये (डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते तो) पेंडिंग, म्हणजे वाचता न आलेला संशयित, सेक्टर एकही नाही, तिथेच माझा तर्क अडतो.

एससीटी ईआरसी (डिस्कच्या एरर रिकव्हरीची वेळमर्यादा) 7 सेकंदांवर आणून कोणाचे रिसेट थांबलेत का? की आधी कंट्रोलरचं फर्मवेअर आणि ड्रायव्हरची आवृत्ती जुळवून बघू? क्यू डेप्थ (डिस्ककडे एकाच वेळी प्रलंबित राहणाऱ्या कमांडची संख्या) कमी करून फरक पडला असेल तर तेही सांगा. लिनक्स सोडून फ्रीबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमवर जायचाही विचार आहे, पण तिथले एसएएस ड्रायव्हर अशा लोडखाली कसे वागतात, हे प्रत्यक्ष चालवणाऱ्यांकडूनच ऐकायचं आहे.